विमानाचे कंट्रोलचे पार्ट सरसकट बदलून का टाकत नाहीत? आणि तपासणारा खरंच तपासतो का?

विहंग_कोथरूड | रविवार, ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:४०

काल पुणे-दिल्ली सकाळची फ्लाइट होती. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच कशाला. साडेतीन तास लेट. आधी म्हणे विमान आलं नाही, मग विमान समोर काचेतून दिसतंय म्हटल्यावर म्हणे अपडेट चालू आहे. मला वाटलं मोबाईलसारखं काहीतरी असेल, दिल्लीत उतरून बातम्या वाचल्या आणि पोटात गोळाच आला. ३० ऑक्टोबरला कानकूनहून नेवार्कला निघालेल्या अमेरिकेतल्या जेटब्ल्यू कंपनीच्या एअरबस ए३२० ने पायलटने काही केलेलं नसताना हवेत अचानक नाक खाली घातलं, लोक जखमी झाले, विमान टँपाला उतरवलं. तीव्र सौर किरणांनी कंट्रोलच्या कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो असं एअरबस म्हणते, आणि परवा २८ तारखेला त्यांनी जगभरातल्या साधारण सहा हजार विमानांना सांगितलं की हे दुरुस्त करा मगच उडा.

आता माझा साधा प्रश्न. माझ्या ॲक्टिव्हाचे ब्रेक शू झिजायच्या आधीच मेकॅनिक बदलून टाकतो, दोन-चारशे रुपयांसाठी रिस्क कोण घेणार. मग विमानात ज्या पार्टवर सगळ्यांचा जीव आहे, म्हणजे पंखाच्या नि शेपटीच्या फळ्या हलवणारे जे काही स्क्रू, दांडे, केबल, डबे असतील ते, ते दर वर्षा-दोन वर्षांनी सरसकट बदलत का नाहीत? तपासणी करतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि सही करणारा माणूस खरंच वाकून बघतो का? ५ तारखेला परतीचं तिकीट आहे, बायको म्हणतेय कॅन्सल कर आणि झेलम एक्सप्रेसने ये.

खोडसाळ_बाळू | दुपारी १२:०५

म्हणजे विमानाला ऊन लागलं म्हणायचं. खिशात कांदा ठेवायला सांगा.

चिंगी_बोरीवली | दुपारी १२:०९

ठ्ठो! आणि उतरल्यावर कोकम सरबत.

मिहानवाला | दुपारी १२:५०

हसा लेकहो. पण त्यात एवढं घाबरण्यासारखं काई नाई विहंगभाऊ. त्या डब्ब्याचं नाव एलॅक, एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी, नाक वर-खाली करणारी) आणि एलेरॉनचा (पंखाच्या टोकाकडची फळी, विमान कलवणारी) कॉम्प्युटर. ए३२० मध्ये साइडस्टिक, म्हणजे पायलटच्या बाजूची कंट्रोलची काठी, हलवली तर ती काई तार ओढत नाई, ती या डब्ब्याले सांगते आणि डब्बा पुढे फळीले हलवायले सांगतो. त्यात जे नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं ते काढून आधीचं टाकून राहिले, दोन-तीन तासाचं काम आहे. काही जुन्या विमानात मात्र डब्बाच बदलावा लागते. आपल्याकडे सव्वातीनशेच्या वर विमानं यात होती, पोट्टे दोन रात्री झोपले नाईत. तुमचं विमान लेट झालं म्हणजे काम झालं, वेळेवर निघालं असतं तर मी घाबरलो असतो.

फुकट_सल्लागार | दुपारी १:१५

हे सगळं पैसे वाचवायचे धंदे आहेत. पार्ट बदलायला डॉलर लागतात, सही करायला पेन.

पान्हा_दहाबारा | दुपारी ३:३०

विहंगराव, ३४ वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये गेली, आता डोंबिवलीत कुंड्यांना पाणी घालतो. तेव्हा वेळ भरपूर आहे, सविस्तर लिहितो.

सरसकट बदलत नाहीत हे अर्धंच खरं आहे. काही पार्टना आयुष्य ठरवून दिलेलं असतं, तेवढे तास किंवा तेवढी उड्डाणं झाली की पार्ट कितीही ठणठणीत दिसो, काढायचा. लँडिंग गिअर साधारण दहा वर्षांनी उतरवून ओव्हरहॉलला जातंच. पण बरेचसे पार्ट असे की ठराविक काळाने बघायचं, मोजायचं, मर्यादेत असेल तर राहू द्यायचं आणि बाहेर असेल तर बदलायचं. याला आम्ही ऑन कंडिशन म्हणतो. आणि मध्येच एखाद्या विमानात काही सापडलं की बनवणाऱ्या देशाची यंत्रणा आदेश काढते, अमुक तासांच्या आत बघा नाहीतर विमान जमिनीवर. आपलं डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, तो आदेश इथे लागू करतं. तुमचं कालचं प्रकरण त्यातलंच.

आता तपासणी. कंट्रोलच्या यंत्रणेला हात लागला, एक केबल सोडली, एक नट सैल केला, काहीही, की दोन सह्या लागतात. पहिला काम करून तपासतो. दुसरा, ज्याने त्या कामाला हात लावलेला नाही, तो नव्याने तपासतो. जोडणी बरोबर आहे का, नट सुटू नये म्हणून लावायची लॉकवायर आणि कॉटर पिन आहे का, फळी शेवटपर्यंत जाते का आणि योग्य दिशेने जाते का.

ते शेवटचं मी एका रात्रीत शिकलो. पहिलंच वर्ष, जुलै महिना, बाहेर मुसळधार. आमचे साहेब कॉकपिटमध्ये, मी डाव्या पंखाखाली रेनकोट घालून उभा, कानाला हेडसेट. साहेबांनी विचारलं काय झालं? म्हटलं हललं सर. "हललं काय? झाड पण हलतं. वर गेलं की खाली?" वर गेलं सर. "कुठलं?" डावं सर. "मी कंट्रोल कुठे नेला?" ते मला कुठे माहीत. मग साहेब खाली आले, मला वर कॉकपिटमध्ये बसवलं आणि स्वतः पावसात उभे राहिले आणि पाच वेळा करून घेतलं. कंट्रोल डावीकडे, डावं एलेरॉन वर, उजवं खाली. अजून झोपेत विचारलं तरी सांगतो.

उगाचच_शंका | दुपारी ३:५२

काका छान लिहिलंत. पण मूळ प्रश्न राहिलाच. मोजून "मर्यादेत आहे" म्हणून सोडून द्यायचं ही गोष्टच मला पटत नाही. मर्यादेच्या केसभर अलीकडे असेल तर?

पान्हा_दहाबारा | संध्याकाळी ५:१०

शंकाराव, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. त्यावर ८८ माणसं गेली आहेत.

अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट २६१, ३१ जानेवारी २०००. विमान एमडी-८३. मेक्सिकोतल्या पोर्तो व्हालार्ताहून सॅन फ्रान्सिस्को आणि पुढे सिॲटल. या विमानाच्या शेपटीवर सर्वांत वर जो आडवा पंख असतो तो अख्खाच्या अख्खा थोडा वर-खाली झुकतो, त्याने विमानाचं नाक समतोल राहतं. झुकवतो कोण, तर एक पोलादी स्क्रू, दोन फुटांच्या आतबाहेर लांब, मनगटापेक्षा बारीक. तो फिरतो आणि कांस्याच्या नटातून वर-खाली सरकतो. नट मुद्दाम मऊ धातूचा, झिजायचंच तर नटाने झिजावं म्हणून. आणि झीज कमी व्हावी म्हणून ग्रीस. एवढी साधी वस्तू.

१९८५ मध्ये हे ग्रीस दर ७०० तासांनी मारत होते. मग हजार झाले, मग बाराशे, मग सोळाशे. १९९६ मध्ये तास काढूनच टाकले आणि दर आठ महिन्यांनी केलं, म्हणजे सुमारे अडीच हजार तास. प्रत्येक वेळी कागदावर मंजुरी होती. आट्यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मोजायची मुदत पण अशीच पाच हजार तासांवरून तीस महिन्यांवर, म्हणजे साडेनऊ हजारांवर गेली. बरं या दोन्ही मुदती एकमेकींच्या भरवशावर. ग्रीस नीट होतंय म्हणून मोजणी लांबवली तर चालेल, मोजणी होतेय म्हणून ग्रीस लांबवलं तर चालेल.

आता शंकारावांचा केसभर. सप्टेंबर १९९७, ओकलंडचं हँगर. प्ले मोजला, ०.०४० इंच. मर्यादा किती? तीच, ०.०४०. आम्ही चाळीस थाऊ म्हणतो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मोजणाऱ्या पाळीने कार्डावर लिहिलं की नट बदला. पुढच्या पाळीने परत मोजलं, एकदा नाही पाच वेळा, आकडा आला ०.०३३. झालं, विमान सोडलं. मोजायला जो जिग, म्हणजे धरायचा साचा, वापरत होते तो विमान कंपनीने घरच्या घरी बनवलेला, बोइंगच्या मापाचा नव्हता, हे नंतर कळलं. दोन आकड्यांत फरक सात थाऊ, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा पण नाही.

पुढची मोजणी यायची होती मार्च २००० मध्ये. विमान जानेवारीच्या शेवटच्या दिवशी गेलं. समुद्रातून स्क्रू वर काढला तर नटाचे आटे तारेसारखे सोलून निघून त्याच्याभोवती गुंडाळलेले. जिथे घर्षण होतं त्या भागात ग्रीस नाही, आणि नटाचं ग्रीस जायचं भोक सुकलेल्या ग्रीसने बुजलेलं. शेवटचं ग्रीसिंग सप्टेंबर १९९९ चं. ज्याने केलं त्याने चौकशीत सांगितलं की साधारण तासाभरात होतं. जाणकारांच्या हिशोबाने ते काम नीट करायला चार तास लागतात, पॅनेलचं भोक इतकं लहान की हात आत गेला की डोळ्यांना दिसत नाही आणि बघायला गेलं तर हात जात नाही.

माईआजी | संध्याकाळी ६:२०

पान्हा भाऊ, वाचून सुन्न झाले. मला विमानातलं कळत नाही पण आटे जाणं कळतं. माझ्या सासूबाईंचा पितळी सोऱ्या होता, फिरवायचा. दर दिवाळीला आधी आट्यांना गोडंतेलाचं बोट फिरवायचं हा त्यांचा नियम. त्या गेल्यावर एक-दोन वर्षं घाईत मी नाही केलं. एका वर्षी चकलीच्या पिठात सोन्यासारखी बारीक चकाकी दिसली, मी कौतुकाने सुनेला दाखवली, ही बघ काय रंग आलाय. ते पितळ होतं! आटे झिजून पिठात पडत होते. दुसऱ्या घाण्याला दांडा जो खटकन खाली गेला तो परत वर आलाच नाही. चार किलोची भाजणी वाया.

खोडसाळ_बाळू | संध्याकाळी ६:२४

माई, चौकशी समिती बसली होती का?

माईआजी | संध्याकाळी ६:३१

बसली होती ना. ह्यांनी अहवाल दिला की बाजारात तयार चकली मिळते.

पान्हा_दहाबारा | संध्याकाळी ६:४५

माई, ती चकाकी म्हणजे त्या शेपटीच्या स्क्रूचीच, जॅकस्क्रू म्हणतात त्याला, लक्षणं हो. अपघातानंतर या जातीची सगळी विमानं तपासायचा आदेश निघाला तेव्हा आणखी काही विमानांच्या स्क्रूवर असाच धातूचा चुरा सापडला होता. मग मुदत आली ६५० तासांवर ग्रीस आणि २००० तासांवर मोजणी. म्हणजे ग्रीस फिरून १९८५ च्या आसपासच, आणि मोजणी तर त्याहून कडक.

सिॲटलकर | सोमवार, १ डिसेंबर, सकाळी ७:१५ (माझी रविवारची संध्याकाळ)

काका, आमच्या गावची जखम आहे ही. त्या विमानात बरेच जण विमान कंपनीचेच कर्मचारी आणि त्यांच्या घरचे होते, सुट्टीवरून परतणारे. मी इथे २००६ ला आलो, पण जुने सहकारी अजून सांगतात की प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणी ना कोणी होतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. तो पंख जाम होऊन दोन तासांच्या वर झाले होते आणि दोघे पायलट तसंच उडवत होते. लॉस एंजेलिसला उतरवायचं ठरलं. मग जाम सुटला तो नाक खाली करूनच, विमान सुमारे आठ हजार फूट कोसळलं, तरी त्यांनी सावरलं. लोकवस्तीवरून जायला नको म्हणून समुद्राच्या बाजूला राहिले. दहाएक मिनिटांनी शेवटचा आधार तुटला, विमान उलटं झालं, तर उलट्या विमानाला पण उडवत ठेवायची धडपड चालू होती. अनाकापा बेटाजवळ पडलं.

मागे कामानिमित्त पोर्ट हुएनीमीला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावरचं स्मारक बघितलं. ते सूर्यघड्याळ आहे. दरवर्षी ३१ जानेवारीला ४ वाजून २२ मिनिटांनी त्याची सावली बरोबर फलकावर येते. मी गेलो तेव्हा ऑगस्ट होता, सावली भलतीकडेच होती.

चिंगी_बोरीवली | सकाळी ८:०२

...

उगाचच_शंका | सकाळी ९:४०

हे वाचून तर माझा मुद्दा पक्काच झाला. ०.०४० की ०.०३३ या भानगडीत पडायचंच कशाला, दोन वर्षं झाली की नट फेकून नवा लावा. पैशाचा प्रश्न आहे असं सरळ म्हणा की.

फुकट_सल्लागार | सकाळी ९:४४

+१. मी कालच म्हटलं होतं.

धावपट्टी_२७ | सकाळी ११:२०

शंकाराव, पैशाचा प्रश्न आहेच, पण अजून एक आहे. उघडलं की चुकायची संधी. न उघडलेलं यंत्र फक्त झिजतं, उघडून परत लावलेलं यंत्र उलटं पण लागू शकतं. माझ्या वाचनातली तीन प्रकरणं सांगतो, तिन्ही विमानं तेव्हा नुकतीच दुरुस्त होऊन आलेली.

एक, पोर्तुगाल, ११ नोव्हेंबर २०१८. एअर अस्तानाचं एम्ब्राएर १९० मोठं मेंटेनन्स करून अल्व्हेर्काहून निघालं. एलेरॉनच्या केबल बदललेल्या, त्या उलट्या बसल्या. काम चालू असताना कंट्रोलबद्दलचा इशारा येत होता, तो घालवण्यात मेकॅनिकांचे कितीतरी दिवस गेले, पण मुळाशी काय आहे ते सापडलं नाही. वर गेल्या गेल्या डावीकडे वळवलं की उजवीकडे कलतंय. ढगात. वैमानिक समुद्रात उतरवायच्या गोष्टी करू लागले. दीड तास झुंजून, लष्कराची एफ-१६ विमानं वाट दाखवायला आली आणि बेजा तळावर तिसऱ्या प्रयत्नात उतरवलं. सहाही जण वाचले.

दोन, फ्रँकफर्ट, २० मार्च २००१. लुफ्तान्साचं ए३२०, कालच्या त्या एलॅकच्याच कनेक्टरची दुरुस्ती झालेली, वायरी उलटसुलट. कॅप्टनची स्टिक उलटी चालायला लागली आणि को-पायलटची बरोबर. टेकऑफला पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं होतं म्हणतात, को-पायलटने कंट्रोल घेतला म्हणून वाचले.

तीन, शार्लट, ८ जानेवारी २००३. छोटं बीच १९००. दोन रात्री आधी एलिव्हेटरच्या केबलचे टर्नबकल, म्हणजे केबल ताणायचे पेच, चुकीचे पिळले गेले, नाक खाली आणायला फळी पाहिजे तेवढी जातच नव्हती. कामातल्या काही पायऱ्या गाळल्या होत्या, आणि जो शिकवत होता तोच तपासत होता. त्यात विमान जड. २१ जण गेले.

खोडसाळ_बाळू | सकाळी ११:३१

जड म्हणजे?

धावपट्टी_२७ | सकाळी ११:४८

माणसं सरासरी वजनाच्या हिशोबाने धरली होती, प्रत्यक्षात भारी निघाली. त्यानंतर अमेरिकेत प्रवाशांचं सरासरी वजन वाढवून धरायला लावलं.

चिंगी_बोरीवली | सकाळी ११:५५

हे आमच्या ह्यांना दाखवते.

इचलकरंजी_एक्सप्रेस | दुपारी १:१०

आमच्या लूमवर पण हेच भावा. चालू माग उघडायचा न्हाई हा आज्जाचा नियम. उघडला की चार दिवस आवाज येतोय, आणि आवाज आला की परत उघडायचा. पण ग्रीस मात्र लई कडक, रोज सकाळी, पोरगं आजारी असलं तर मालकानं सोता मारायचं. ते अलास्कावाल्यांनी ग्रीसचं अंतर वाढवत न्हेलं ते वाचून डोकंच फिरलं. ग्रीसला काय लाखभर रुपये लागत्यात व्हय?

पान्हा_दहाबारा | दुपारी १:४०

ग्रीसला नाही लागत, विमान उभं राहायला लागतात.

मिहानवाला | दुपारी २:०५

धावपट्टीभाऊ, बरोबर. पण एक पाहा, तपासणीनं पकडता येतच नाई असंबी असते. बोइंग ७३७ चा रडर, म्हणजे शेपटीवरची उभी फळी. ३ मार्च १९९१ ले कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ युनायटेड ५८५ उतरता उतरता उलटून पडलं, २५ गेले. चौकशी झाली, पहिल्या अहवालात कारण सापडलंच नाई असं लिहिलं. ८ सप्टेंबर १९९४ ले पिट्सबर्गजवळ यूएसएअर ४२७, तसंच, १३२ गेले. रडर हलवणारा जो हायड्रॉलिक व्हॉल्व्ह असते तो काढून बघितला तर चकाचक. मोजला तर मापात. मग कोणीतरी म्हटलं त्याले आधी एकदम गार करा आणि मग त्याच्यात गरम तेल सोडा. तवा तो अडकला. अडकला त अडकला, पायलट जिकडे पाय देईल त्याच्या उलटीकडे रडर नेऊ शकत होता. १९९६ मध्ये रिचमंडजवळ एक विमान असंच गोते खाऊन वाचलं होतं, त्या पायलटनं सांगितलं म्हणून दोर जुळला. आता सांगा, टॉर्च घेऊन वाकून काय दिसणार होतं? शेवटी २००२ मध्ये अख्खी यंत्रणाच बदलायचा आदेश काढला, हजारो विमानांत.

विहंग_कोथरूड | दुपारी २:३०

म्हणजे तिथे सरसकट बदललं!

मिहानवाला | दुपारी २:३३

तिथं डिझाइनच चुकलं होतं ना भाऊ. तेच डिझाइन दर दोन वर्षांनी नवं लावून काय फायदा?

कुलाबा_वारा | दुपारी ४:५०

निवृत्त नौसैनिक, गप्प बसणार होतो पण मिहानवाल्यांच्या मुद्द्याला आपल्याकडचं उदाहरण आहे. ध्रुव हेलिकॉप्टर. ८ मार्च २०२३ ला नौदलाचं ध्रुव मुंबईच्या समुद्रात उतरवावं लागलं, तिघांना वाचवलं. त्याच महिन्यात कोचीला तटरक्षक दलाचं, मे महिन्यात किश्तवाडला लष्कराचं. ताफा जमिनीवर. कंट्रोल रॉडवर बोट गेलं, ॲल्युमिनियमचे होते ते पोलादाचे करायचं ठरलं. हेलिकॉप्टरमध्ये पंख नसतात हो, वरची पाती किती तिरपी करायची हाच कंट्रोल, तो दांडा गेला तर हातात नुसती काठी उरते. आणि एवढं होऊन ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं पडलं, तेव्हा मोडला होता स्वॉशप्लेट, त्याच यंत्रणेतला वेगळा भाग. तिघे गेले. एक दांडा पक्का केला म्हणजे साखळी पक्की झाली असं नसतं एवढंच सांगायचं होतं.

फुकट_सल्लागार | संध्याकाळी ५:०२

सरकारी काम.

कुलाबा_वारा | संध्याकाळी ५:०६

अलास्का सरकारी होती का?

फुकट_सल्लागार | संध्याकाळी ५:१९

रच्याकने, माझा भाचा एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचं इंजिनिअरिंग, करायचं म्हणतोय. फी ऐकून बहिणीला चक्कर आली. स्कोप आहे का?

मिहानवाला | संध्याकाळी ५:४०

स्कोप आहे, पण कॉलेज संपलं म्हणजे लायसन्स मिळालं असं नाई. डीजीसीएचे पेपर, मग हँगरमधला अनुभव, मग विमानाच्या एकेका टाइपचं शिक्षण, तेव्हा कुठे सही चालते. घाईचं काम नाई ते. नवा धागा काढा, इथं लोक विमानात बसून राहिले.

उगाचच_शंका | रात्री ९:१५

बरं, सरसकट बदलण्याचं मागे घेतो. पण विहंगचा तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही. सही करणारा खरंच बघतो का? पान्हा काका, खरं सांगा.

पान्हा_दहाबारा | रात्री ११:५०

दोन तास विचार केला लिहू की नको. लिहितो. कंपनी कुठली ते विचारू नका.

बहुतेक वेळा बघतो. एकदा मी नाही बघितलं. रात्रपाळी, पहाटे साडेतीन, एलिव्हेटरचा एक दांडा बदललेला. काम करणारा माझा मित्र, माझ्यापेक्षा हाताने चांगला. दुसरी सही माझी होती. मी वर चढलो, फळी वर-खाली नीट जाते ते बघितलं, पण आतल्या टोकाचा बोल्ट बघायला आरसा आणि टॉर्च घेऊन शिडीवर आडवं व्हावं लागतं. मित्र म्हणाला पिन टाकलीये रे, मी स्वतः वाकवलीये. मी सही केली.

सकाळी लोकलमध्ये बसलो. कुर्ल्याला डोळे मिटले तर पिन दिसेना. तुम्ही म्हणाल पिन डोळे मिटून कशी दिसेल, पण आम्हाला दिसते, जे बघितलंय ते दिसतं. वाकवलेली दोन टोकं, एक लांब एक आखूड, कुठल्या बाजूला. इथे काहीच दिसेना. ठाण्याला उतरलो, उलटी गाडी पकडली. विमान दुपारी निघणार होतं. शिफ्ट इनचार्जला सांगितलं पॅनेल उघडायचंय. तो एवढंच म्हणाला, उघड.

पिन होती. व्यवस्थित वाकवलेली. मित्राने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं, तुला माझ्यावर भरोसा नाही म्हणून. त्याचं बरोबरच होतं, नव्हताच, आणि ती दुसरी सही भरोसा न ठेवण्यासाठीच असते हे त्याला मी कधी नीट सांगू शकलो नाही. आता तो नाही.

माईआजी | मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी ६:०५

भाऊ, चांगलं केलंत लिहिलंत ते.

इचलकरंजी_एक्सप्रेस | सकाळी ७:३०

काका मानलं तुमास्नी. ठाण्याला उतरणं अवघड हाय.

धावपट्टी_२७ | सकाळी १०:१०

काकांचं वाचून आठवलं. ६ फेब्रुवारी २०२४, नेवार्क, ७३७ मॅक्स उतरल्यावर धावपट्टीवर रडरचे पेडल जाम. कॅप्टनने पुढचं चाक वळवायच्या हँडलने सांभाळलं. चौकशीत निघालं काय, तर एका ॲक्चुएटरच्या, म्हणजे रडर हलवणाऱ्या यंत्राच्या, आतलं बेअरिंग कारखान्यातच उलटं बसवलेलं. एका बाजूला सील असतं, ती बाजू भलतीकडे गेली, ओल शिरली आणि थंडीत गोठली. आपल्या डीजीसीएनेही त्यावर २०२४ मध्ये कंपन्यांना सूचना काढली होती. हा पार्ट नवाकोरा होता हे शंकारावांच्या माहितीसाठी.

उगाचच_शंका | सकाळी १०:१४

मागे घेतलं म्हटलं ना राव!

विहंग_कोथरूड | शनिवार, ६ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

मंडळी, धाग्याचा शेवट माझ्या हाताने करतो. काल एअरपोर्टला गेलो होतो. बायकोला समजावलं होतं, पान्हा काकांची ठाण्याची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा कुठे तयार झाली. फ्लाइट कॅन्सल! सॉफ्टवेअर नाही, स्क्रू नाही, बेअरिंग नाही. विमान होतं, चालवायला माणसं नव्हती. ड्युटीच्या तासांचे नवीन नियम आणि रोस्टरचा घोळ. तुम्ही बातम्या बघितल्याच असतील, देशभर हजारच्या वर फ्लाइट गेल्या. बॅगांचा डोंगर, लहान पोरं रडतायत, चहा अडीचशे रुपये.

तेव्हा हे झेलममधून लिहितोय, साइड अप्पर, तो पण अर्धा, दुसऱ्या अर्ध्यावर एक फौजी आहेत. बायको फोनवर हसतेय. भुसावळला गाडी बराच वेळ उभी होती, खाली उतरलो केळी घ्यायला. पलीकडच्या बाजूने दोघे जण टॉर्च घेऊन डब्याडब्याखाली वाकत चालले होते, काहीतरी ठोकत, काहीतरी ओढून बघत. आमच्या डब्यापाशी एक जण पुढे गेला, मग थांबला, परत आला आणि पुन्हा वाकून बघितलं. मला एकदम पान्हा काका आठवले. विचारलं काही प्रॉब्लेम आहे का. म्हणाला नाही नाही, पिन बघत होतो.

खोडसाळ_बाळू | संध्याकाळी ५:२६

केळी कशी दिली?

पान्हा_दहाबारा | संध्याकाळी ५:४१

होती ना पिन?

विहंग_कोथरूड | संध्याकाळी ५:४३

होती काका. चाळीसला डझन.